आर्ट्सला जाऊन काय करावयाचें?

विद्यापीठांत जाऊन इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असले विषय शिकण्यांत कांहीं अर्थ आहे कीं नाहीं, या प्रश्नावर बोलण्यासाठीं मला आज येथें बोलाविलें आहे. या बोलावण्याची मला प्रथम थोडी गंमतच वाटली. मी केवळ मॅट्रिक. मॅट्रिकनंतर शिक्षकाच्या ट्रेनिंगचीं दोन वर्षें झालीं आणि पुढें सारें आयुष्य एका तालुक्याच्या गांवीं खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें. कॉलेजच्या वर्गांत विद्यार्थी म्हणून मी एक दिवसही बसलेलों नाहीं. तेव्हां, जो पंक्तीला कधीं बसला नाहीं त्यानें पक्वान्नांची चव सांगावी, असा हा प्रकार आहे, असें कोणी म्हणेल; आणि तसें म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाहीं. मात्र वाढप्याचें काम मीं पुष्कळ वर्षें केलें आहे. कोणीं कोणत्या पंक्तीला बसावें याचा सल्ला शेंकडों मुलांना दिला आहे, आणि त्यांतला निदान एक सल्ला चुकला असें आतां मला वाटतें. त्या एका सल्ल्याची गोष्ट मला आज सांगावयाची आहे. परंतु ती सांगण्यापूर्वीं थोडें इकडचें तिकडचें बोलावें लागेल.

निमित्त घरचेंच आहे. माझी नात यंदा बारावी झाली. शास्त्र शाखा, गुण उत्तम. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं जेवतांना तिनें जाहीर केलें कीं, आपण बी. ए. करणार, आणि तेंही इतिहास घेऊन. माझ्या मुलाच्या हातांतला घांस हातांतच राहिला. तो स्वतः एंजिनिअर आहे. ‘आर्ट्सला जाऊन काय करायचं, बाळा?’ एवढेंच तो म्हणाला, ओरडला नाहीं. सूनबाईंनीं आमटीचें पातेलें उचलून आंत नेलें. त्यांत आमटी पुष्कळ होती आणि जेवणें अजून व्हावयाचीं होतीं. रात्रीं मुलगा माझ्या खोलींत येऊन म्हणाला, ‘अण्णा, तुमचं ती ऐकते. तुम्ही तिला समजवा.’ तो गेल्यावर दहा मिनिटांनीं नात आली. ‘आजोबा, तुमचं बाबा ऐकतात. तुम्ही त्यांना समजवा.’ असा मी दोहों बाजूंचा वकील झालों, आणि वकिलाला कायदा ठाऊक नाहीं!

माझ्या मुलाचें म्हणणें असमंजसपणाचें आहे असें मीं मुळींच समजत नाहीं. शिक्षण ही आज स्वस्तांत मिळणारी वस्तु राहिलेली नाहीं. फी, खोलीचें भाडें, खानावळ, पुस्तकें यांचा हिशेब मांडला म्हणजे मध्यम स्थितीच्या बापाला झोंप येत नाहीं. त्यानें मुलीच्या पोटापाण्याची काळजी करूं नये तर कोणीं करावी? शिवाय हे विषय पुष्कळ ठिकाणीं ज्या रीतीनें शिकविले जातात ती रीतही कांहीं अभिमान धरावा अशी नाहीं. बाजारांत ‘गाईड’ मिळतें. त्यांत अपेक्षित प्रश्न आणि त्यांचीं तयार उत्तरें असतात. तीं पाठ करावीं, पेपरांत उतरावीं, आणि इतिहासाचा पदवीधर म्हणून बाहेर पडावें. मधल्या तीन वर्षांत एकही मूळ कागद, एकही ताम्रपट, एकही जुनें नाणें हातीं धरून पाहिलें नाहीं तरी चालतें. जेथें दुसरीकडे प्रवेश न मिळालेल्यांनीं रात्रीपुरतें उतरावें अशी धर्मशाळा, असें या शाखेला कित्येक गांवीं रूप आलें आहे. उतरणाऱ्या मुलांचा यांत दोष नाहीं. परंतु अशा शिक्षणाची तरफदारी करण्यास मी आलेलों नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. सगळ्याच मुलांनीं तिकडे जावें असेंही मला म्हणावयाचें नाहीं.

मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालें. पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली, आणि १८६२ सालीं पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. त्या काळीं पदवी म्हणजे निव्वळ ज्ञानाची तपश्चर्या होती आणि आतां मात्र सारें पैशासाठीं चाललें आहे, असें जें कोणी म्हणतात तें मला पटत नाहीं. तेव्हांही पदवी म्हणजे सरकारी नोकरीची किल्लीच होती. रानडे न्यायाधीश झाले, भांडारकर मास्तर झाले. रत्नागिरीच्या हायस्कुलाचे ते हेडमास्तर होते, ही गोष्ट आम्हां शाळामास्तरांना फार सुखाची वाटते. नोकरी दोघांनींही केली. पण नोकरी करून झाल्यावर रात्रीं दिवा लावून ते जें करीत बसले, तें करण्याची दृष्टि त्यांना कॉलेजानें दिली होती, आणि त्याचें मोल पगाराच्या पत्रकांत कोठें मांडलेलें सांपडत नाहीं.

भांडारकरांच्या नांवानें पुण्यांत १९१७ सालीं प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघालें. तेथें पुढें जें एक काम झालें त्याच्याविषयीं मी थोडें सविस्तर बोलणार आहें, कारण ‘या विषयांत संशोधन तें काय करावयाचें असतें?’ असें मला पुष्कळदां विचारतात, आणि माझ्याजवळ याहून चांगलें उत्तर नाहीं.

महाभारत आपल्या घरोघरीं आहे. पण कोणतें महाभारत? काश्मीरची पोथी शारदा लिपींत, बंगालची बंगालींत, दक्षिणेकडील तेलुगु, ग्रंथ आणि मलयाळम् लिपींत, आपल्याकडील देवनागरींत. आणि एकींत आहे तें दुसरींत नाहीं, दुसरींत आहे तें तिसरींत निराळ्या जागीं. शेंकडों वर्षें लेखकांनीं हातानें नकला केल्या. कोणाच्या डोळ्यांनीं ओळ गाळली, कोणाच्या भक्तीनें चार श्लोक वाढविले. या सर्व पोथ्या एकमेकींशीं ताडून पाहाव्या आणि जितका जुना पाठ हातीं लागेल तितका लावावा, हें काम भांडारकर मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलें. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांचें साहाय्य देऊं केलें. पुढें बाराशेंहून अधिक पोथ्या पाहण्यांत आल्या. पाठ ताडण्याचें काम पुण्याप्रमाणें शांतिनिकेतनांत आणि तंजावरासही चाले. एका कागदावर एक श्लोक लिहावयाचा, त्याच्या खालीं प्रत्येक पोथींत कोठें कोणतें अक्षर निराळें आहे तें नोंदवावयाचें. मग दुसरा कागद, दुसरा श्लोक. हें काम संपावयास १९६६ साल उजाडलें. सत्तेचाळीस वर्षें!

या कामाचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर. १९२५ सालीं त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकले होते. तेथून ते बर्लिनला गेले आणि संस्कृत भाषाशास्त्रांत पडले. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ‘सायन्स सोडून आर्ट्सला गेले’. त्यांच्या घरीं आमटीचें पातेलें कोणीं आंत नेलें कीं काय, तें मला ठाऊक नाहीं. पण गणितानें दिलेली शिस्त त्यांनीं वाया घालविली असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. मला रुचतो तो पाठ घ्यावयाचा नाहीं, पुराव्यानें ठरेल तो घ्यावयाचा, हा त्यांचा नियम. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, आरण्यकपर्व १९४२ सालीं. पुढल्याच वर्षीं जानेवारींत, मुंबई विद्यापीठाच्या विद्यमानें महाभारताच्या अर्थावर चाललेली त्यांची व्याख्यानमाला पुरी होण्याआधींच, ते वारले. मागून बेलवलकर आणि वैद्य यांनीं तें काम तडीस नेलें.

आतां या कष्टांतून निघालें काय तें पाहा. व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें लिहिलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती मूळ पाठांत राहिली नाहीं. ती परिशिष्टांत गेली. सभापर्वाचें संपादन एका अमेरिकन पंडितानें, एजर्टन यानें केलें. तें १९४४ सालीं निघालें. त्यांत द्रौपदीनें केलेला कृष्णाचा धांवा मुख्य पाठांत नाहीं. वस्त्रें निघत राहतात. तीं कोणीं पुरविलीं तें तेथें सांगितलेलें नाहीं. माझ्या आईनें कीर्तनांत हा प्रसंग ऐकतांना कितीदां पदर डोळ्यांना लावला असेल याची मला आठवण आहे. तिला ही गोष्ट सांगण्याचा धीर मला कधीं झाला नसता. मला स्वतःलाही प्रथम कळली तेव्हां काळजांत कळ आली, हें मी लपवीत नाहीं.

परंतु त्या ग्रंथाचीं पानें मीं एकदां उघडून पाहिलीं. वर मोठ्या अक्षरांत चारपांच श्लोक, आणि खालीं अर्ध्याहून अधिक पान बारीक अक्षरांनीं भरलेलें. जो जो पाठ वर घेतला नाहीं तो तो खालीं जपून ठेवलेला. कोणत्या पोथींत आहे त्या खुणेसह. जें जोडलें गेलें असें ठरलें, तेंही फेंकून दिलेलें नाहीं. कोणत्या प्रांतांत कोणत्या लोकांना द्रौपदीच्या तोंडीं धांवा असावा असें वाटलें, हें तेथेंच वाचतां येतें. म्हणजे आईचे अश्रु खोटे ठरले नाहींत. ते कोठून आले तें कळलें. जें आपल्याला प्रिय आहे त्याच्याकडेही पुराव्याच्या नजरेनें पाहावें, आणि पाहून झाल्यावर त्याची हेळसांडही करूं नये, ही संवय लागावयास माणसाला गुरु लागतो, सोबती लागतात आणि वर्षें लागतात. घरीं आरामखुर्चींत बसून ती लागते असा माझा अनुभव नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो माझ्या मुलानें घेतलाच. ‘अण्णा, तुम्ही कुठं कॉलेजला गेलात? तरी वाचलंतच ना? तिनंही नोकरी करून वाचावं.’ आक्षेप बिनतोड वाटतो. माझ्या बाजूनें तर प्रत्यक्ष एका मोठ्या माणसाचा दाखला आहे. जॉर्ज ग्रोट नांवाचा इंग्रज सोळाव्या वर्षीं बापाच्या पेढींत कामाला लागला, कॉलेजांत कधीं गेला नाहीं, आणि पेढी सांभाळून त्यानें ग्रीक भाषेचा अभ्यास केला आणि पुढें ग्रीस देशाचा बारा भागांचा इतिहास लिहिला. १८४६ ते १८५६ या दहा वर्षांत ते भाग निघाले. मग विद्यापीठ हवें कशाला?

पण या ग्रोटनें स्वतः काय केलें? लंडनमध्यें धर्माची अट न घालतां विद्यार्थ्यांना शिकवणारें नवें कॉलेज निघालें त्याच्या संस्थापकांत तो होता, आणि म्हातारपणीं तो लंडन विद्यापीठाचा व्हाइस-चॅन्सेलर झाला. ज्याला विद्यापीठावांचून विद्या मिळाली, त्यानेंच दुसऱ्यांसाठीं विद्यापीठ उभारण्यास हातभार लावला. त्याला वाट किती लांब पडली होती तें त्याचें त्यालाच ठाऊक. आणि त्याच लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर आपलें मुंबईचें विद्यापीठ उभें राहिलें, हें मघां मीं सांगितलेंच.

या ग्रोटचें नांव पुढें एकदां दिल्लीस घेतलें गेलें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटनासमितीपुढें घटनेचा मसुदा मांडला. कारभाराच्या इतक्या बारीकसारीक गोष्टी घटनेंत कां घातल्या, असा आक्षेप होता. उत्तर देतांना त्यांनीं ग्रोटचा आधार घेतला. प्राचीन अथेन्समध्यें लोकसत्ता टिकावयास लोकांच्या अंगीं घटनेविषयीं एक प्रकारची निष्ठा, एक नीति असावी लागे, असें त्या इतिहासकारानें दाखविलें होतें. ही नीति जन्मजात नसते, ती शिकावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकावयाची आहे, असें बाबासाहेबांचें म्हणणें. श्रोतेहो, अडीच हजार वर्षांपूर्वीचें परक्या देशांतलें एक शहर, त्याचा इतिहास लिहिणारा एक पेढीवाला, आणि आपल्या देशाच्या कारभाराची चौकट! ‘ग्रीसचा इतिहास वाचून काय करायचं?’ असा प्रश्न पडलेल्यानें हें भाषण काढून वाचावें. घटनासमितीचा वृत्तांत छापलेला आहे.

बाबासाहेबांना ही सामग्री कोठें मिळाली? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. पण त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र हेंही ते शिकले. हिंदुस्थानांतील जातींवरचा त्यांचा निबंध १९१६ सालीं मे महिन्यांत तेथल्या मानवशास्त्राच्या अभ्यासमंडळापुढें वाचला गेला. ज्या गोष्टीचा चटका लहानपणापासून अंगावर सोसला, तिचाच त्यांनीं दूर बसून, शास्त्र म्हणून, अभ्यास केला. आणि याच मुलाला शाळेंत संस्कृत शिकूं दिलें नव्हतें. पर्शियन घ्यावें लागलें होतें. हे विषय निरुपयोगी आहेत असें जे म्हणतात त्यांना मी एवढेंच विचारतों: निरुपयोगी वस्तूला कोणी एवढा कडेकोट पहारा ठेवतो काय? आज तो पहारा उठला, आणि ज्यांना आंत मज्जाव होता त्यांचीं मुलें दारापाशीं आलीं, तेव्हांच आंतल्या वस्तूला किंमत नाहीं असें आम्हीं म्हणूं लागावें, याचें मला वाईट वाटतें.

पैशाची गोष्ट मीं टाळली असें मात्र होऊं नये. इतिहास घेणाऱ्याला एंजिनिअराचा पगार मिळत नाहीं, ही गोष्ट खरी आहे, आणि मिळतो असें सांगून मी कोणाच्या मुलीला फसविणार नाहीं. परंतु बाजारालाही या विषयांची गरज कधीं लागेल याचा नेम नसतो. आपल्या राज्यांतील जुने सरकारी कागद मोडींत आहेत. मोडी शिकणें म्हणजे वेडाचार, असें मीं स्वतः ऐकलें आहे. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचें काम राज्यभर निघालें, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या नोंदींच्या वादांत मी शिरत नाहीं. हजारों कुटुंबांचें भवितव्य ज्या कागदांवर, ते कागद वाचावयास माणसें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं, ही स्थिति मात्र सर्वांनीं पाहिली.

आतां माझी चूक.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. वडील एका दुकानांत हिशेब लिहीत. सातवीपर्यंत तो माझ्या हाताखालीं होता. पुढें हायस्कुलांत गेला तरी संध्याकाळीं माझ्याकडे येई. त्याला दगडांचें वेड. आसपासच्या खेड्यांतून सायकलीवर हिंडून तो वीरगळ आणि सतीचे दगड पाही, देवळांच्या पायऱ्यांवरचीं अक्षरें शंभरपानी वहींत उतरून घेई, आणि प्रत्येकाखालीं गांवकरी काय सांगतात तें लिहून ठेवी. मीं त्याला हें करावयास सांगितलें नव्हतें. मला त्यांतलें कांहीं येतही नव्हतें. मी नुसता वही पाहून शाबास म्हणत असें.

दहावीला त्याला उत्तम गुण पडले. तो आर्ट्सला जावयाचें म्हणूं लागला. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. त्या गृहस्थांच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली होती, हें मला अजून आठवतें. मीं मुलाला समजाविलें. ‘बाळ, इतिहास घरीं वाचतां येतो. यंत्रं घरीं शिकतां येत नाहींत. आधीं पोटापाण्याचं पाहा.’ मुलगा आज्ञाधारक होता. त्यानें मान हलविली. जातांना वही माझ्याजवळ ठेवून गेला. घरीं जागा नाहीं, म्हणाला.

तो एंजिनिअर झाला. परदेशीं गेला. वडिलांना चांगले दिवस दाखविले. तेव्हां माझा सल्ला चुकला असें म्हणावयास व्यवहारांत कांहींच आधार नाहीं, आणि पुष्कळ वर्षें मी त्या सल्ल्याविषयीं समाधानीच होतों. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला. केंस पिकूं लागले आहेत. मिठाईचा पुडा ठेवून, पायां पडून, जरा वेळानें म्हणाला, ‘गुरुजी, ती वही आहे का हो?’ मीं ट्रंकेंतून काढून दिली. अर्धा तास तो पानें उलटीत होता. चहा निवाला. मग त्यानें सांगितलें, ‘इतिहास घरीं वाचतां येतो असं तुम्ही म्हणाला होतात. मीं पुस्तकं खूप घेतलीं, वाचलीं पण. पण शंका आली कीं विचारायचं कोणाला, तें कळलं नाहीं. मग शंका येणंच थांबलं.’ त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. वही पुन्हा माझ्याच हातांत देऊन तो गेला.

तेव्हांपासून मी या प्रश्नाचा विचार करीत आहें. पुस्तकें घरीं येतात. आतां तर खिशांतल्या फोनवरही येतात. पण आपलें वाचन चुकलें असें तोंडावर सांगणारें माणूस घरीं येत नाहीं. विद्यापीठ म्हणजे तें माणूस, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे, निदान असावें.

तीच वही परवां नातीच्या हातीं पडली. तिच्या वडिलांशीं तिचें बोलणें त्या दिवसांत बेताचेंच होतें. तेव्हां ती माझ्या खोलींत येऊन बसे. एका पानावर दीपमाळेवरचा लेख उतरून घेतलेला होता: शके १६६३, खर नाम संवत्सर, आणि खालीं दीपमाळ बांधणाऱ्या पाटलाचें नांव. त्याखालीं त्या मुलानें गांवची आख्यायिका लिहिली होती कीं, दीपमाळ बांधून पाटील पानिपतावर गेले आणि तिकडेच पडले. गांवाला या गोष्टीचा फार अभिमान आहे. मींही वर्गांत ती कितीदां सांगितली आहे.

नातीनें कागद घेतला. ‘आजोबा, शकांत बारा मिळवून साठांनीं भागायचं. बाकी उरेल तो संवत्सराचा आंकडा.’ १६६३ आणि १२ मिळून १६७५. साठांनीं भागून बाकी पंचावन्न. तिनें माझें पंचांग ओढून संवत्सरांचीं नांवें मोजलीं. पंचावन्नावा दुर्मति. खर हा पंचविसावा. ‘तीस वर्षांचा फरक पडतो,’ ती म्हणाली. ‘तो सहा नसून नऊ असेल. शके १६९३.’ १६९३ म्हणजे इसवी सन १७७१. पानिपत झालें १७६१ सालीं. दीपमाळ बांधणारे पाटील त्यानंतर दहा वर्षें हयात होते!

माझा मुलगा बाहेर वर्तमानपत्र वाचीत होता, किंवा वाचीत असल्यासारखें दाखवीत होता. तो दारांत आला. कागद हातीं घेऊन त्यानें भागाकार पुन्हा करून पाहिला. ‘आंकडाच चुकला कशावरून?’ तो म्हणाला. ‘संवत्सराचं नांव चुकीचं वाचलं असेल.’ ‘असेल,’ ती म्हणाली. ‘किंवा कोरणाऱ्याचीच चूक असेल. किंवा त्याच नांवाचा नातू असेल. दगड पाहिल्याशिवाय कसं सांगणार?’ दोघेंही रात्रीं अकरापर्यंत त्या एका आंकड्यावर वाद घालीत बसलीं होतीं. सूनबाईंनीं दोनदां चहा करून आणला.

प्रवेशाचा अर्ज अजून टेबलावर आहे. वडिलांची सही झालेली नाहीं, आणि मीं अजून कोणालाही समजाविलेलें नाहीं. येत्या रविवारीं मात्र मुलगा गाडी काढणार आहे. पहांटे पांचला निघावयाचें ठरलें आहे, कारण झिजलेलीं अक्षरें तिरप्या उन्हांतच उमटून दिसतात, असें नात म्हणते. मलाही बरोबर घेणार आहेत. वहीच्या मालकाला मीं यांतलें कांहीं अजून कळविलें नाहीं. दगड पाहून आलों म्हणजे त्याला पत्र लिहीन.